व्हॅनमध्ये इन्व्हर्टर: सॉकेटच्या दोन्ही भोकांत टेस्टर लागतो. न्यूट्रल बॉडीला जोडू का?

मुलुंडची_विंगर

नमस्कार. एक जुनी टाटा विंगर घेतली आहे आणि तिच्यात राहण्या-झोपण्याची सोय करते आहे. सोसायटीच्या पार्किंगमध्ये दर रविवारी काम चालतं.

हे कशासाठी, ते आधी सांगते. बाबांचा झोपेत श्वास अडकतो, त्यामुळे रात्री सीपॅप मशीन लावल्याशिवाय त्यांना झोपता येत नाही. देवगडला आमचं घर आहे. पण पावसाळ्यात तिथली वीज संध्याकाळी गेली की कधी कधी सकाळीच उगवते. त्या भीतीने बाबांनी चार वर्षं गाव पाहिलेलं नाही. गाडीतच रात्रभर पुरेल एवढी वीज असली तर त्यांना नेता येईल, एवढाच हिशोब आहे. त्यामुळे "चालतंय ना, मग ठीक आहे" यावर मला थांबायचं नाही.

आतापर्यंत केलेलं काम असं. मागच्या सीटखाली १२.८ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरची लिथियम फॉस्फेट बॅटरी. ड्रायव्हरच्या मागे, बॅटरीपासून साधारण ३ मीटरवर, १५०० वॅटचा इन्व्हर्टर. त्यावर 'मॉडिफाइड साइन' लिहिलेलं आहे, म्हणजे घरच्या विजेसारखी गुळगुळीत नाही, पायऱ्यापायऱ्यांची लहर. बॅटरी ते इन्व्हर्टर १० स्क्वेअरची (चौरस मिलिमीटर) केबल, कारण दुकानात जाडीतली तीच तयार मिळाली. पुढे घरासारखी वायरिंग: लोहार चाळीतून आणलेली २.५ स्क्वेअरची मल्टिस्ट्रँड वायर फ्लेक्सिबल पाइपातून, पत्र्याला जिथे भोक पाडलं तिथे रबरी ग्रोमेट, तीन ठिकाणी सॉकेटचे बोर्ड. सुरुवातीला एक डीपी एमसीबी (करंट फार वाढला की दोन्ही तारा तोडणारा) आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट बाहेर गळला की वीज तोडणारा). या सगळ्या वायरिंगच्या शेवटाला १६ अँपिअरचा टॉप (प्लग) लावलाय. तो एक तर इन्व्हर्टरच्या सॉकेटमध्ये घालायचा, नाही तर पार्किंगमधून आणलेल्या एक्स्टेंशनमध्ये. दोन्हीकडे एकाच वेळी लागणं शक्यच नाही, म्हणून असं केलं.

अडचणी तीन आहेत.

एक, इन्व्हर्टरवर असताना सॉकेटच्या दोन्ही भोकांत टेस्टर मंद लागतो. मल्टिमीटरने दोन भोकांमध्ये २३० येतात, पण एका भोकापासून गाडीच्या पत्र्यापर्यंत ११२ आणि दुसऱ्यापासून ११७. पार्किंगच्या लाइनवर घेतलं की सगळं घरासारखं दिसतं.

दोन, परवा लॅपटॉप चार्जिंगला लावून एक हात त्यावर ठेवला होता, दुसरा हात दरवाज्याच्या पत्र्याला लागला आणि चांगल्याच मुंग्या आल्या. झटका नव्हता, पण बाबा तिथे झोपणार आहेत.

तीन, मिक्सर लावला की बॅटरी पूर्ण भरलेली असतानाही इन्व्हर्टर पीं पीं करून बंद पडतो.

आमच्या भागातले एक वायरमन येऊन बघून गेले. त्यांचं म्हणणं, "न्यूट्रल एका वायरने बॉडीला जोडून टाका, घरी पण तसंच असतं." आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबलं की तो ट्रिप होतो, त्यामुळे संरक्षण आहेच, असंही ते म्हणाले. मला ते पटत नाहीये, पण का पटत नाहीये ते सांगता येत नाही. जोडू का?

---

कुर्ला_ऑटोइलेक्ट्रिक

न्यूट्रलचं जाणकार सांगतील. मी १२ व्होल्टची बाजू सांगतो, कारण आग तिथे लागते.

तुमच्या बॅटरीपासून इन्व्हर्टर ३ मीटर, म्हणजे जाऊन-येऊन ६ मीटर केबल. १० स्क्वेअरच्या तांब्याच्या ६ मीटरचा रोध साधारण ०.०१ ओहम. ऐकायला काहीच नाही. पण ७५० वॅटचा मिक्सर इन्व्हर्टरमधून चालला की बॅटरीतून ७० अँपिअर निघतात, आणि मोटर सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट. ७० अँपिअरला पाऊण व्होल्ट केबलमध्येच जातो, २०० ला दोन व्होल्ट. बॅटरी भरलेली आहे, पण इन्व्हर्टरला वाटतं ती उतरली. म्हणून पीं पीं.

इन्व्हर्टर उचलून बॅटरीशेजारी आणा. अंतर मीटरभराच्या आत ठेवा आणि ३५ स्क्वेअरची केबल घाला. लांबी वाढवायचीच असेल तर २३० व्होल्टच्या बाजूची वाढवा. १००० वॅटला तिथे साडेचार अँपिअरसुद्धा नसतात. फक्त इन्व्हर्टरच्या पंख्याला हवा मिळाली पाहिजे, सीटखाली गोधड्या कोंबून त्याला गुदमरवू नका.

दुसरं, तुमच्या पोस्टमध्ये फ्यूज हा शब्दच नाही! एमसीबी तुम्ही लावला तो पुढे, २३० च्या बाजूला. बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरावर फ्यूज हवाच. तो इन्व्हर्टरसाठी नसतो, केबलसाठी असतो. केबल कुठे घासून पत्र्याला टेकली तर लिथियम बॅटरी हजारो अँपिअर ओतते आणि बीएमएस (बॅटरीच्या आतलं संरक्षण सर्किट) वेळेवर तोडेलच असं धरून चालू नये. ३५ स्क्वेअरला १५० अँपिअरचा बसवा. क्लास टी जातीचा मिळाला तर उत्तम, तो आपल्या पॅनेलमधल्या एचआरसी फ्यूजसारखा मोठा शॉर्ट सर्किट आतल्या आत तोडतो. कार ऑडिओवाल्यांकडे मिळणारे स्वस्त फ्यूज लिथियमच्या शॉर्टला वितळल्यावरही आत ठिणगी धरून ठेवू शकतात.

बीएमएस किती अँपिअरचा आहे तेही बघा. १०० चा असेल तर या बॅटरीतून १२८० वॅटच्या वर निघणारच नाही. १५०० चा इन्व्हर्टर मग कशाला?

लग, म्हणजे केबलच्या टोकाचे धातूचे कान, हातोडीने ठोकून बसवू नका. ते दाबून बसवायचं हायड्रॉलिक क्रिंपिंगचं मशीन भाड्याने मिळतं.

---

वसई_भटका

ताई, न्यूट्रल बॉडीला जोडू नका! निदान या इन्व्हर्टरला तरी नाही. मी नेमकं हेच केलं होतं. असाच मॉडिफाइड साइनवाला होता. न्यूट्रल पत्र्याला जोडला, स्विच दाबला, फट् असा आवाज आला आणि वास सुटला. माझा इन्व्हर्टर तीन सेकंदही जगला नाही. सुदैवाने बायको आणि मुलगी गाडीबाहेर होत्या. का झालं ते मला नंतर कुणीतरी समजावलं, पण मला ते नीट मांडता येणार नाही.

---

टीएल_माटुंगा

मी रेल्वेत ट्रेन लायटिंगला होतो, माटुंगा वर्कशॉप आणि वाडीबंदर मिळून एकतीस वर्षं. आता निवृत्त आहे. ताई, तुम्हाला पटलं नाही ते बरोबरच होतं. कारण सांगतो, थोडं लांबेल.

डब्यातले दिवे-पंखे आम्ही ११० व्होल्ट डीसीवर चालवायचो. त्या ११० च्या दोन्ही तारा डब्याच्या पत्र्याशी मुद्दाम कुठेच जोडलेल्या नसतात. हवेत तरंगत ठेवायच्या. फायदा हा की एखादी तार पत्र्याला लागली तरी गाडी अंधारात जात नाही. तोटा हा की पहिली लागलेली कळत नाही, आणि दुसरी लागली की आग. म्हणून पिट लाइनवर, म्हणजे डबे तपासायच्या रुळांवर, प्रत्येक डबा आम्ही बल्बने तपासायचो. प्लस आणि पत्रा यांच्यामध्ये बल्ब धरायचा, मग मायनस आणि पत्रा. पेटला तर विरुद्ध तार कुठेतरी टेकली आहे.

तुमचा इन्व्हर्टर असाच तरंगतो आहे, की तरंगत नसून आतून बॅटरीला बांधलेला आहे, हा सगळा प्रश्न आहे. घरी न्यूट्रल अर्थला जोडलेला असतो, हे वायरमन दादांचं खरं. पण ते काम वीज कंपनी ट्रान्सफॉर्मरपाशी करते, आणि त्या ट्रान्सफॉर्मरच्या दोन गुंडाळ्यांमध्ये तारेचा संबंध नसतो. चांगल्या इन्व्हर्टरमध्येही बॅटरी आणि २३० यांच्यामध्ये असा संबंध नसतो. त्याचा एक पाय, म्हणजे आउटपुटची एक तार, पत्र्याला बांधला तर काही बिघडत नाही, आणि तोच मग न्यूट्रल होतो. बऱ्याच स्वस्त इन्व्हर्टरमध्ये मात्र पुढच्या ब्रिजचा (२३० बनवणाऱ्या स्विचिंग सर्किटचा) तळ आत बॅटरीच्या मायनसला जोडलेला असतो. दोन्ही पाय आळीपाळीने वर-खाली होतात, त्यामुळे पत्र्यापासून दोन्हींवर निम्मे-निम्मे व्होल्ट दिसतात. तुमच्या बॅटरीचा मायनस पत्र्याला आहेच. न्यूट्रलही पत्र्याला बांधला की तो पाय जितक्या वेळा वर जाईल तितक्या वेळा ब्रिजचा सरळ शॉर्ट. वसईच्या दादांचं तेच झालं.

पण निम्मे व्होल्ट तरंगणाऱ्या चांगल्या इन्व्हर्टरवरही दिसू शकतात. मल्टिमीटरला इतका कमी करंट लागतो की भुताटकीचे व्होल्टही तो खरे दाखवतो. टेस्टरचंही तसंच. म्हणून मीटर बाजूला ठेवा आणि बल्ब घ्या. तारेचा, १५ वॅटचा, जुन्या झिरोच्या बल्बासारखा. एलईडी अजिबात नको, तो भुताटकीवरही मिणमिणतो.

कसं करायचं: इन्व्हर्टर बंद. व्हॅनचा टॉप काढलेला. एक वेगळा थ्री-पिन टॉप घ्या, त्याच्या एकाच पिनला बल्बच्या होल्डरची एक वायर लावा आणि टॉप पूर्ण बंद करा. होल्डरची दुसरी वायर बॅटरीच्या मायनसला. सगळं घट्ट झाल्यावर टॉप इन्व्हर्टरमध्ये घाला, हात मागे घ्या, मग इन्व्हर्टर चालू. बघा आणि बंद करा. मग टॉपमधली वायर दुसऱ्या पिनला लावून पुन्हा. बल्बामुळे करंट साठ-सत्तर मिलीअँपिअरच्या आत अडतो, इन्व्हर्टरला काही होत नाही. बल्ब पेटला तर इन्व्हर्टर आतून बांधलेला आहे, न्यूट्रलला हात लावायचा नाही. दोन्ही वेळा काळा राहिला तर तरंगतो आहे. त्यानंतरही मॅन्युअल वाचायचंच.

एकट्याने करू नका, शेजारी कुणीतरी असू द्या.

आणि ते टेस्ट बटण. त्याने लोकांना फार खोटा धीर मिळतो. ते बटण आरसीसीबीच्या आतच एका बाजूचा फेज आणि दुसऱ्या बाजूचा न्यूट्रल एका रेझिस्टरने जोडतं. अर्थचा तिथे काही संबंधच नाही. न्यूट्रल अर्थला जोडलेला नसतानाही बटण दाबलं की तो पडणारच. पण माणसाने फेजला हात लावून पत्र्यावर पाय ठेवला तर करंटला इन्व्हर्टरकडे परत जायला वाट मिळते का, हे बटण सांगत नाही. वाट नसेल तर आरसीसीबी गप्प बसतो. आणि इन्व्हर्टर आतून बांधलेला असेल तर करंट बॅटरीच्या वाटेने जातो, त्या करंटची लहर साधी साइन नसते, आणि त्यावर तुमचा आरसीसीबी पडेल याची हमी मी देणार नाही.

मुंग्यांचं कारण: तुमच्या टॉपमधली अर्थची वायर पुढे कुठे जाते ते बघा. माझा अंदाज, इन्व्हर्टरच्या सॉकेटमधली अर्थची पिन आत कुठेच जोडलेली नाही आणि तुमची हिरवी वायर नुसती लोंबते आहे. लॅपटॉपच्या अडॅप्टरमधल्या फिल्टरने लॅपटॉपच्या अंगावर अधलेमधले व्होल्ट येतात, ते अर्थमधून निघून जायला हवेत. बोर्डापासून पत्र्यापर्यंत एक हिरवी वायर टाका, रंग घासून उघड्या लोखंडावर, दातेरी वॉशर घालून. इन्व्हर्टरच्या बॉडीवर अर्थचा स्क्रू असेल तर तोही तिथेच. ही अर्थ कोणत्याही परिस्थितीत हवीच. वाद फक्त न्यूट्रलचा आहे.

---

मुलुंडची_विंगर

काका, आज केलं. भाऊ शेजारी उभा होता. पहिल्या पिनला बल्ब पेटला, अर्धवट पिवळा. दुसऱ्या पिनलाही तसाच. आम्ही दोघं बराच वेळ त्या बल्बाकडे बघत उभे होतो. वायरमन दादांचं ऐकून गेल्या रविवारी जोडून टाकलं असतं तर?

अर्थची पिन तुम्ही म्हणालात तशीच निघाली. इन्व्हर्टर उघडून पाहिला, सॉकेटच्या वरच्या मोठ्या भोकाला मागे वायरच नाही.

हा इन्व्हर्टर गाडीतून काढला. प्युअर साइनचा १००० वॅटचा बघते आहे, आउटपुट बॅटरीपासून वेगळं असल्याचं मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलेलाच. कुर्ल्याच्या दादांनी सांगितलेलं फ्यूज-केबलचंही सगळं त्याच वेळी करणार. त्यांना मनापासून धन्यवाद.

दोन शंका आहेत. नवीन इन्व्हर्टर आल्यावर न्यूट्रल जोडायचा तर तो नेमका कुठे? माझ्या बोर्डात? आणि बाबांचं मशीन रात्रभर यावर ठेवू का?

---

टीएल_माटुंगा

बोर्डात नाही! तुमचा टॉप कधी पार्किंगच्या लाइनवर लागतो. तिथे न्यूट्रल आधीच मागे अर्थला जोडलेला आहे. बोर्डात पुन्हा जोडलात तर परतीचा थोडा करंट अर्थमधून वाट काढेल, सोसायटीचा आरसीसीबी पडत राहील, आणि तो नसेल तर गाडीच्या पत्र्यातून करंट वाहील. न्यूट्रल-अर्थची जोडणी नेहमी उगमापाशी आणि एकाच ठिकाणी.

म्हणून इन्व्हर्टरशेजारी एक छोटा बॉक्स करा. इन्व्हर्टरचं आउटपुट बॉक्समध्ये, आत न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये २.५ स्क्वेअरची एक लिंक, आणि बॉक्सवर १६ अँपिअरचं सॉकेट. तुमचा टॉप त्या सॉकेटमध्ये. आरसीसीबी तुमच्या बोर्डात आहे तिथेच ठीक आहे, कारण तो लिंकच्या पुढे येतो. टॉप काढून पार्किंगच्या लाइनवर लावला की लिंक आपोआप मागे राहते, आरसीसीबी मात्र दोन्हीकडे कामाला येतो. टॉपची तुमची युक्ती चांगली आहे, तिने चेंजओव्हर स्विचचं काम केलं. फक्त उलटं कधी करू नका, म्हणजे दोन्ही टोकांना टॉप लावलेली वायर घेऊन इन्व्हर्टरची वीज बोर्डात ढकलायची नाही. अशा वायरीच्या उघड्या पिनांवर २३० असतात. माझ्या ओळखीतला एक चांगला माणूस त्यात गेला.

रंगांचं एक राहिलं. आपल्याकडे घरात फेज लाल, न्यूट्रल काळा. बॅटरीचाही प्लस लाल, मायनस काळा. एकाच पत्र्याच्या डब्यात दोन्ही लाल-काळे जवळून गेले तर उद्या दुरुस्तीला येणारा १२ व्होल्ट समजून २३० ला हात घालेल. २३० ची पाइप वेगळ्या बाजूने न्या आणि दर हातभर अंतरावर पिवळ्या टेपवर '२३०' लिहा. तुम्हाला पाठ असेल, त्याला नसेल.

बाबांच्या मशीनचं: इन्व्हर्टर कशाला मध्ये आणता? ही मशिनं आतून डीसीवरच चालतात. त्या मॉडेलसाठी बॅटरीवरून चालणारा डीसी कन्व्हर्टर कंपनीकडे विचारा. तो स्वतःच्या छोट्या फ्यूजवरून थेट बॅटरीला. पाणी गरम करणारा भाग बंद ठेवला आणि मशीनला सरासरी ४० वॅट धरले, तर आठ तासांचे ३२० वॅट-अवर. तुमची बॅटरी १२८० ची आहे. इन्व्हर्टर रात्रभर नुसता जागा ठेवला तरी तो १५ वॅट खाईल, म्हणजे आणखी १२० फुकट. आणि रात्री तीनला इन्व्हर्टर काही कारणाने ट्रिप झाला तर बाबांना कळणार नाही, तुम्हाला कळेल तेव्हा उशीर. त्यांच्या श्वासाच्या वाटेत जितक्या कमी वस्तू तितकं बरं. इन्व्हर्टर लॅपटॉपला आणि मिक्सरला राहू द्या.

---

मुलुंडची_विंगर

झालं! सगळं लिहून ठेवते, पुढे कुणाला लागेल.

नवीन इन्व्हर्टरवर आधी बल्ब लावला. दोन्ही पिनांना काळा. मॅन्युअलमध्येही न्यूट्रल अर्थला जोडण्याची आकृती आहे. मग बॉक्स केला, लिंक घातली. टेस्टर आता एकाच भोकात लागतो. फेज ते पत्रा २३०, न्यूट्रल ते पत्रा शून्य.

मग काका, तुम्ही सांगितलं नव्हतं ते एक केलं, रागावू नका. तोच बल्ब सगळ्यात शेवटच्या बोर्डात फेज आणि अर्थ यांच्यामध्ये लावला, तसाच बंद टॉपमधून. हिशोब केला होता की १५ वॅटचा बल्ब ६५ मिलीअँपिअर घेतो आणि आरसीसीबी ३० चा आहे. स्विच दाबला आणि बल्ब नीट उजळायच्या आत आरसीसीबी खाली. नंतर सगळं बंद करून लिंक काढली आणि पुन्हा तेच. बल्ब काळा आणि आरसीसीबी तसाच वर. टेस्ट बटण दाबलं तर पडला! तुमचं बटणाबद्दलचं म्हणणं तेव्हा खरं कळलं. लिंक परत घातली, पुन्हा एकदा पाडून पाहिला आणि मगच झाकण लावलं.

इन्व्हर्टर आता बॅटरीपासून ८० सेंटिमीटरवर, ३५ स्क्वेअरची केबल, प्लसपासून वीतभरावर १५० चा क्लास टी. मिक्सर चालतो. आज ओल्या खोबऱ्याची चटणी गाडीत वाटली.

मशीनचा कन्व्हर्टर आलाय. बाबा काल रात्री पार्किंगमध्येच गाडीत झोपले. सकाळी साडेसहाला उठले तेव्हा बॅटरी मॉनिटरवर ७७ टक्के होते. शनिवारी पहाटे निघतोय.

---

टीएल_माटुंगा

रागावत नाही. मीच सांगायला हवं होतं.

नव्या केबलचे लग पहिल्या प्रवासात बसतात आणि सैल होतात. महाडला चहाला थांबाल तेव्हा आधी इन्व्हर्टर बंद करा आणि बॅटरीचे, फ्यूजचे, इन्व्हर्टरचे सगळे लग हाताच्या पाठीने चाचपा. इतरांपेक्षा एखादा गरम लागला तर तोच सैल. या नटांना बसेल तो पाना सोबत ठेवा, आणि घट्ट करताना पान्याच्या दांड्याला टेप गुंडाळलेला असू द्या, म्हणजे तो प्लसवरून पत्र्याला टेकला तरी ठिणगी पडणार नाही. देवगडला पोचल्यावर पुन्हा एकदा. खारी हवा आहे, पत्र्यावरच्या अर्थच्या जागी थोडं ग्रीस लावून ठेवा.

बाबांना माझा नमस्कार.